भक्तीला न केलेला फोन

तोंडवलीच्या किशोरी चोडणेकरने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही, आणि हे ती स्वतःच चारचौघांत सांगत असे. नवऱ्याची, सुदेशची, होडी वादळात फुटली तेव्हाही ती कुणाच्या दारात गेली नव्हती. मागच्या पडवीला भिंती घालून तिने दोन खोल्या काढल्या, रस्त्यावर पाटी लावली आणि समुद्र बघायला येणाऱ्यांना रांधून घालायला लागली. तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं खाऊन गेलेले लोक पुढच्या वर्षी आणखी दोन कुटुंबं घेऊन येत. बाई सरळ, हिशेबाला चोख, कुणाच्या अडीनडीला धावणारी. पण जिभेला धार. ती धार कुठे कुठे लागलीय याची तिने कधी फारशी चौकशी केली नव्हती.

नाताळ जवळ आला होता. दुपारी कोल्हापूरची मंडळी पानावर बसली होती, तव्यावर बांगडे चरचरत होते, आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक गोड आवाजाचा तरुण.

"मॅडम, आम्ही कोकणातल्या निवडक घरगुती निवासांची यादी करतोय. नाताळचं बुकिंग थेट तुमच्याकडे येईल. तुमच्या सोलकढीबद्दल लोकांनी किती छान लिहिलंय!"

किशोरीने फोन स्पीकरवर टाकला आणि तालुक्याच्या कचेरीत बोलायची मराठी काढली. "हो का? काय करावं लागेल?"

"काही नाही. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे येतील, तेवढे मला सांगा. म्हणजे तुमचं नाव पक्कं."

आकडे आले. एका हाताने बांगडा उलथत तिने मान तिरकी करून ते वाचून दाखवले. आकड्यांच्या खाली आणखी एक ओळ होती: हा क्रमांक कुणालाही सांगू नका. ती ओळ दिसली नाही असं तिने नंतर पोलिसांत सांगितलं. पण ओळ तिला दिसली होती. अशा ओळी वेंधळ्या माणसांसाठी असतात, असं त्या क्षणी तिला वाटलं होतं, इतकंच.

मंडळींचं जेवण आटपून ती भांडी विसळायला बसली, तो बेड्यासमोर, कुंपणाच्या फाटकापाशी, स्कूटर थांबली. कोपऱ्यावरचा दुकानदार बाबू मोबाइल हातात धरूनच आत आला.

"काकी, सुदेशकाकाक काय झालां? खंयच्या दवाखान्यात घातलास?"

सुदेश तिथेच पायरीवर जाळ्याचं भोक सांधत बसला होता. बाबूने त्याच्याकडे बघितलं, मग किशोरीकडे, आणि मोबाइल पुढे केला.

किशोरीच्या नावाने, किशोरीच्या फोटोखाली मजकूर होता. 'यांना अचानक दवाखान्यात भरती केले आहे. तातडीने पैसे हवेत. खालच्या नंबरवर पाठवा, उद्या परत करते. इथे बोलता येत नाही, कृपया फोन करू नका.'

"माका तेवाच संशय इलो," बाबू म्हणाला. "तू माका 'कृपया' कधी म्हटलंस? तू म्हणतंस, बाबू, मीठ पाठय. म्हटलां, आधी जावन बघूया."

किशोरीने ओले हात पदराला पुसले आणि स्वतःचा मोबाइल उघडला. व्हॉट्सॲप तिला आत घेईना. तिचंच घर आणि आतून कडी.

चोरी झाली की माणसाला आधी पैसा आठवतो. किशोरीच्या मनात पैशाचा विचारसुद्धा आला नाही. तिच्या नावाने कुणीतरी गावभर हात पसरत फिरत होतं. बचत गटातल्या बायका, सोयरे, जुने पाहुणे, मुंबईचे नातलग, सगळ्यांच्या हातातल्या फोनवर या घडीला किशोरी चोडणेकर पैसे मागत होती.

कणकवलीला एका लॅबमध्ये नोकरीला असलेल्या मुलीला, समीक्षाला, तिने फोन लावला. फोन लागत होता हीच काय ती मेहेरबानी. समीक्षाने आधी विचारलं, "आये, कोणाक आकडो सांगितलंस?" आणि आई गप्प राहिली त्यातच तिला उत्तर मिळालं. मग तिने राग गिळला आणि एकेक गोष्ट सांगत गेली. व्हॉट्सॲप काढून टाक, परत घाल, तुझा नंबर टाक, नवीन आकडे येतील ते तूच घाल. तसं केल्यावर तो चोर बाहेर फेकला गेला. पण जाता जाता त्याने दुसऱ्या गुप्त आकड्याचं स्वतःचं कुलूप घालून ठेवलं होतं. ते आठवडाभर उघडणार नव्हतं.

"आता प्रत्येकाक फोन कर," समीक्षा म्हणाली. "दुसऱ्याच्या मोबाइलवरून निरोप धाडून भागूचा नाय, तुझो आवाज आयकाक होयो. कोणी पैशे पाठयले आसतीत तर त्यांका सांग, आत्ताच्या आत्ता तक्रारीच्या एकोणीसशे तीसक फोन लावा. लवकर कळवलां तर पैशे मधीच अडवूक गावतत. आणि आये, कोणाक सोडू नको. कोणाकच."

किशोरी पायरीवर बसली आणि एकेक नंबर लावायला लागली. "मी किशोरी बोलतंय. तो मेसेज माझो नाय. मी फसलंय." पहिल्या दोन फोनांना 'फसलंय' हा शब्द बाहेर पडेना. ती म्हणे, "मोबाइल बिघडलो." तिसऱ्या फोनला कुणीतरी विचारलं, "बिघडलो म्हणजे?" तेव्हा तिला तो शब्द उच्चारावा लागला. काही जण हसले. कुणी म्हणालं, "तू? तूच आमका शिकवतंस सगळां!" गटातल्या एका बाईने पैसे पाठवायला मोबाइल हातात घेतला होता, ती तिथेच थांबली. मुंबईचा भाचा अनिश पाठवून बसला होता. त्याने फोन ठेवला आणि लगेच तक्रार केली. त्याचे पैसे पुढे अडवून ठेवता आले आणि कालांतराने मिळाले.

गंगाराम गुरुजी तीन घरं सोडून राहायचे. त्यांनी फोन उचलला नाही म्हणून ती चालत गेली. गुरुजींनी तिला शाळेत शिकवलं होतं. ते खळ्यात सुपारी वाळत घालत होते.

"गुरुजी, माझ्या नावाचो काय मेसेज इलो?"

"नाय गो. माका कसलो?" ते म्हणाले आणि खाली वाकून सुपाऱ्या सारख्या करायला लागले.

ती परत फिरली. बेड्यापर्यंत आली तेव्हा मागून चपलांचा आवाज आला. मुलगा ऐकत नाही ना, म्हणून गुरुजींनी घराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. "पाठयलंय मी. तू कधी मागूक नाय कोणाकडे, म्हणान इचार करूक नाय. पण माझ्या झिलाक कळता नये. तो आधीच म्हणता, मोबाइल तुमका समजणा नाय, माझ्याकडे देवा."

"गुरुजी, आता फोन लावा. मी लावन देतंय."

"फाल्या बघूया." गुरुजींनी उद्यावर ढकललं.

"फाल्या उशीर होतलो."

"किशोरी," गुरुजी म्हणाले, "जाऊ दे. तूही इसर."

तिने त्यांना आणखी आग्रह करायला हवा होता. पण त्यांचे खाली वळलेले डोळे बघून तिला आपलाच चेहरा दिसल्यासारखं झालं, आणि ती निघून आली.

संध्याकाळपर्यंत नंबर संपत आले. मग आला भक्तीचा नंबर.

भक्ती तिची धाकटी जाऊ. सुदेशचा भाऊ अजय वेंगुर्ल्याला टेम्पो चालवायचा, भक्ती तिथेच काजूच्या कारखान्यात कामाला होती. सासू शेवटच्या आजारात किशोरीकडे होती. किशोरीने तिचं सगळं केलं. भक्तीला मधे मधे येता आलं, तेही एखाद्या रात्रीपुरतं. बाराव्याला पंगत बसली असताना किशोरी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली होती, "करूक कोण नाय, जेवूक मात्र येळेर इली." भक्ती पानावरून उठली. त्यानंतर तिने तोंडवलीच्या त्या घराची पायरी चढली नाही. भाऊ-भाऊ बोलत, जत्रेत भेटत, जावा नाहीत. नंबर तेवढा मोबाइलमध्ये राहिला होता.

किशोरीचा अंगठा त्या नावावर येऊन थांबला. मी फसले, हे भक्तीला सांगायचं. तिने पलीकडे गप्प राहून ऐकायचं. किंवा हसायचं. 'ती कित्याक पाठयतली माका पैशे?' किशोरी स्वतःशीच म्हणाली, आणि अंगठा पुढे सरकला.

रात्री समीक्षाने विचारलं, "सगळ्यांका केलंस?"

"सगळ्यांका केलंय," किशोरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मालवणला जाऊन पोलिसांत तक्रार देऊन आली. हवालदार समजूतदार होता, त्याने तिला एकदाही 'कसं काय सांगितलंत?' असं विचारलं नाही. तरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. बाजारात मासे घेताना कुणी थट्टेने म्हणालं, "किशोरी, पैशे होये तर सांग गो," आणि मासळीवाल्या सगळ्या हसल्या. तीही हसली. घरी येऊन मासे कापताना तिच्या कानशिलांना त्या हसण्याची धग लागत राहिली.

असे तीन-चार दिवस गेले. मग एका सकाळी सुदेशला अजयचा फोन आला. सुदेश ऐकता ऐकता चुळबुळायला लागला. मग त्याने फोनवर हात ठेवून किशोरीकडे बघितलं.

"अज्या इचारता, माझी तब्येत कशी आसा. भक्तीन त्या दिवशीच पैशे पाठयले म्हणता. ह्याका काल रात्री सांगल्यान. आज कामार खाडो करून बघूक येवक निघाली हा."

किशोरीने हातातलं सोलकढीचं भांडं खाली ठेवलं, एवढंच सुदेशला दिसलं.

"तिका सांग, येव नको," ती म्हणाली. "मी येतंय. बाकीचां काय सांगू नको, मीच सांगतंय."

मालवणला गाडी बदलून ती वेंगुर्ल्याला पोचली तेव्हा दुपार कलली होती. वाटेत तिने कितीतरी वाक्यं जुळवली. ती सगळी चोराबद्दल होती.

भक्तीचं घर लहानसं, पुढे तुळस, बाजूला काजूच्या टरफलांचा जळका वास. दार उघडंच होतं. भक्ती प्रवासाची साडी नेसून बसली होती, आणि तिच्याजवळ भरलेली पिशवी होती. वरून तांबड्या तांदळाची पुडी दिसत होती. पेजेसाठी. भक्ती पुढे आली. काजू सोलून तिची बोटं काळी पडली होती. तिने आधी किशोरीच्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"वयनी, एकटीच? भावोजी कशे आसत? अजून दवाखान्यातच?"

"बरे आसत."

"देव पावलो! मी आरवलीच्या वेतोबाक केळ्यांच्या घडाचो नवस बोलान ठेवलंय. बस गो, पाणी देतंय. तुझां तोंड बघ कसां सुकलां. ह्या दिवसांत जेवलंस तरी काय?"

तिच्या बोलण्यात नुसती माया होती. जुळवून आणलेलं एकही वाक्य किशोरीजवळ उरलं नाही.

"भक्ती, ह्यांका काय झालां नाय. दवाखान्यात कोणच नव्हता. तो मेसेज चोरान केल्लो. माझ्या नावान. आकडो मीच सांगितलंय त्याका."

भक्ती पाण्याचा तांब्या घेऊन उभीच राहिली. पैसे गेले हे तिला कळलं असेल, आता ती ओरडेल, असं किशोरीला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे," भक्ती हळूच म्हणाली, "तू माझ्याकडे मागूकच नाय."

किशोरीची नजर भरलेल्या पिशवीवर गेली.

"माका वाटलां, वयनीन इतक्या वर्सांनी माझ्याकडे मागल्यान. माझ्याकडे, म्हणजे केवढां मोठां संकट आसतला! मी ह्यांका सुदा इचारूक नाय. कौलां बदलूक ठेवल्लंय, ते पाठयलंय." तिने तांब्या खाली ठेवला. "मेसेजात लिवल्लां फोन करू नको म्हणान मी करूक नाय. म्हटलां, करतली तीच. ह्ये दिवस माका बरां वाटत होतां, वयनी. भावोजींची काळजी होती, तरी बरां वाटत होतां. खोटां कशाक सांगू."

बाहेरून एक टेम्पो खडखडत गेला. किशोरीने मान खाली घातली होती, ती वर करणं तिला जमेना.

"बाकीच्यांका कधी कळवलंस?" भक्तीने विचारलं.

"त्याच दिवशी. सगळ्यांका फोन केलंय."

"माका?"

इथे किशोरीला खोटं बोलता आलं असतं. तुझा नंबरच सापडला नाही, असं म्हटलं असतं तरी भक्तीने मानलं असतं. पोलिसांत ती खोटं बोललीच होती.

"तुझो नंबर समोर इल्लो," किशोरी म्हणाली. "मी लावूक नाय. तुका सांगूची लाज वाटली. म्हटलां, तू कित्याक पाठयतलंस. समीक्षान बजावल्यान, कोणाक सोडू नको. तुका सोडलंय. फोन केल्लो आसतंय तर तुझे पैशे अडवूक गावले आसते. चोरान नेले ते एक, पण मी..."

भक्ती बराच वेळ पिशवीतली तांदळाची पुडी आत सारत राहिली. मग उठली, चुलीकडे गेली आणि चहाचं आधण ठेवलं. चहा झाल्यावर तिने आपला मोबाइल किशोरीपुढे सरकवला.

किशोरीने भक्तीच्याच मोबाइलवरून तो तक्रारीचा नंबर लावून दिला. भक्तीने माहिती सांगितली, तक्रार नोंदली गेली. पण पैसे ज्या खात्यात गेले होते तिथून ते केव्हाच उचलले गेले होते. पुढे काही आठवड्यांनी तसं रीतसर कळलं. त्या संध्याकाळी दोघींनाही ते ठाऊकच होतं.

"नाताळचो शिजन झालो की तुझे पैशे मी देतंय," निघताना किशोरी म्हणाली. "थोडे थोडे करून मोबाइलवर पाठयतंय."

"मोबाइलवर नको," भक्ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "आणून दी. हातात."

घरी आल्यावर किशोरीने समीक्षाला फोन करून खरं सांगितलं. समीक्षा रागावली, मग म्हणाली, "आये, गंगाराम गुरुजींचांय असांच होतलां. त्यांका सांग." किशोरी गुरुजींकडे गेली आणि या वेळी खळ्यात उभी राहून नाही, आत ओटीवर बसून बोलली. स्वतःचं, भक्तीचं, सगळं सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं. तक्रार त्यांनी केली नाही ती नाहीच. मुलाला मात्र त्या आठवड्यात कळलं, पासबुकावरून. त्याने बापाचा मोबाइल काढून घेतला. आता गुरुजींना कुणाशी फोनवर बोलायचं असलं की ते बाबूच्या दुकानात येऊन उभे राहतात, आणि किशोरी तिथे असली तर मीठ-मिरची तशीच टाकून ती मागच्या वाटेने घरी जाते.

बचत गटाच्या सभेत तिने स्वतःहून हा विषय काढला. फोनवर आलेले आकडे कुणाला सांगायचे नाहीत, व्हॉट्सॲपला आपलं स्वतःचं दुसरं कुलूप कसं घालायचं, पैसे मागणारा मेसेज आला की आधी त्या माणसाचा आवाज ऐकायचा, हे तिने समीक्षाने शिकवलं तसं बायकांना शिकवलं. 'फोन करू नका' असं लिहिलेलं असेल तर मुद्दाम करा, असंही म्हणाली. "आणि फसलात तर पयलो फोन ज्येका करूक सगळ्यात लाज वाटता, त्येका करा." कुणीतरी विचारलं, असां कित्याक? किशोरीने पाण्याचा घोट घेतला आणि विषय बदलला. भक्तीचं नाव तिच्या तोंडून आलं नाही.

पाहुण्यांचा शिजन बरा गेला. दर महिन्याला एकदा ती सकाळच्या गाडीने वेंगुर्ल्याला जायची. पहिल्या खेपेला भक्तीने दारातच पैसे घेतले. दुसऱ्या खेपेला चहा झाला. एकदा पावसाची लक्षणं होती आणि अंगणात काजूच्या बिया वाळत पडलेल्या, त्या दोघींनी मिळून भरून आत घेतल्या. बोलणं झालं ते एवढंच, ती पाटी दी, ह्यां पोतां धर. सासूचा विषय एकदाच निघाला. "बाराव्याक मी वायट बोललंय," किशोरी म्हणाली. "होय," भक्ती म्हणाली, आणि तिने तो तिथेच ठेवला. माफ केलं असं काही म्हणाली नाही.

गणपतीच्या आधी शेवटचे पैसे देऊन झाले. कौलं बदलली होती; भक्तीने ती बाहेर येऊन दाखवली. निघताना ती 'परत ये' म्हणाली नाही, आणि किशोरीनेही 'येते' म्हटलं नाही. येण्याचं कारणच संपलं होतं.

पुढच्या महिन्यात ठरल्या दिवशी किशोरी सकाळी उठली, आणि काहीच काम नसल्यासारखी घरात फिरत राहिली. मग तिने साडी बदलली. मालवणच्या स्टँडवर ती एक गाडी सोडून बसून राहिली. जावं की फिरावं ते तिला ठरवता येईना. दुसरी गाडी आली तेव्हा ती चढली.

भक्तीने दार उघडलं आणि तिच्या हातांकडे बघितलं. हात मोकळे होते.

"आज कसले?" तिने विचारलं. "सगळे फिटले मां?"

किशोरीचा चेहरा तापला. पोलिसांत, बाजारात, गटाच्या सभेत, कुठेच तिला इतकं संकोचल्यासारखं झालं नव्हतं.

"पैशे नाय," ती म्हणाली. "अशीच इलंय. चालात तर बसतंय."

भक्ती दारातून बाजूला झाली.